हातमोज्यातला खजूर

“मग पाण्यात तरी जाऊ नकोस!” जेराल्ड म्हणाला. हे वाक्य तो मघापासून वेगवेगळ्या आवाजात म्हणून पाहत होता. आता त्याने मोठा आवाज लावला.

“हळू बोल. बाजूची मल्याळी नर्स ड्यूटीवरून येऊन झोपलीय,” जीन म्हणाली. तिने कणकेचा गोळा परातीत उलटा केला आणि पुन्हा मळायला घेतला.

“तिला मराठी कुठे कळतं?”

“ओरडणं सगळ्यांना कळतं.”

सासू डायनिंग टेबलापाशी मेथी निवडत बसली होती. काड्या एकीकडे, पानं एकीकडे. व्हिजिट व्हिसावर शारजात येऊन तिला महिना झाला होता आणि या महिन्यात घरातली सगळी भाजी तिच्या हाताखालून गेली होती. मान वर न करता ती म्हणाली, “मी कोणाला जबरदस्ती केली नाही. नवस घराचा आहे. घरात राहणाऱ्याने पाळायचा.”

“पाळतेय ना मी आय. नाही कुठे म्हटलं?”

“उपाशी पोटी समुद्राच्या तळाला जाणार आणि म्हणे पाळतेय!” जेराल्ड म्हणाला. “एक काय ते कर. खाऊन जा, नाहीतर जाऊ नकोस.”

“खाऊन जा?” सासूने आता मान वर केली. “असं कसं सांगतोस रे तू? नोकरी कोणाला लागली?”

नोकरी जेराल्डलाच लागली होती. आधीची कंपनी बंद पडल्यावर तो पावसाळाभर घरी बसून होता. शारजात पावसाळा नसतो, पण वसईहून फोन यायचे तेव्हा सासू असंच मोजायची. मग जानेवारीत अल क्वोजच्या एका गोडाऊनमध्ये त्याला सुपरवायझरची जागा मिळाली. सासूने वसईच्या घरी मेणबत्ती लावून आधीच बोलून ठेवलं होतं: पोराला नोकरी लागू दे, ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या सगळ्या शुक्रवारी घरातलं कोणी संध्याकाळच्या क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. पाणी चालेल. चहा नाही.

चौदा वर्षांची व्हिवियन टीव्हीसमोरून म्हणाली, “ममा, जस्ट ईट समथिंग. नोबडी विल नो.”

“देवाला कळेल,” सासू म्हणाली. नातीचं इंग्रजी तिला बरोबर हवं तेवढं समजायचं.

“मी दोन्ही करणार,” जीनने परातीवर झाकण घातलं. “उपासही आणि पाणीही. विषय खलास.”

जीन तुस्कानो त्या वेळी एकोणचाळीस वर्षांची होती. साल सत्त्याण्णव. बुटकी, रुंद खांद्यांची, केस कानापर्यंत कापलेले. वसईला तिच्या वडिलांची केळीची बाग होती आणि बागेला पाणी देण्यासाठी बावखल, छोटं तळं. मुलींनी त्यात उतरायचं नाही असा नियम होता, म्हणून जीन दुपारी सगळे झोपले की उतरायची. परकर छातीशी बांधून ती त्या हिरव्या पाण्यात बुडी मारायची आणि तळाचा चिखल मुठीत घेऊन वर यायची. चिखल दाखवायला काठावर कोणी नसायचं. तरी ती आणायची.

लग्नानंतर ती टायपिंग शिकून आखातात आली. हमरिया फ्री झोनमधल्या उपेंद्र सामंतांच्या छोट्या कंपनीत ती ऑफिस सांभाळायची. सामंतांचे पाणबुडे बंदरात उभ्या जहाजांचे तळ घासायचे, पंख्यात अडकलेले दोर कापायचे. शुक्रवारी सुट्टी, म्हणून त्या दिवशी तीच बोट आणि तेच सिलिंडर घेऊन सामंत हौशी लोकांना बुडालेलं जहाज दाखवायला न्यायचे. फोनवर बायका जीनला विचारायच्या, सोबत उतरायला बाई आहे का? पुरुषाच्या हाताला धरून पाण्याखाली जायला आमच्या घरून परवानगी मिळणार नाही. असे दहा फोन झाल्यावर जीन सामंतांच्या टेबलापाशी जाऊन म्हणाली होती, “सर, बाई आहे. मला शिकवा.”

ते हसले होते. नंतर त्यांनी तिला स्विमिंग पूलमध्ये उतरवलं आणि ती किती वेळ खाली राहते ते बघून हसायचे थांबले. दोन वर्षांत ती सगळे कागद मिळवून बायकांना खाली नेऊ लागली. घरी हे ‘शुक्रवारचा ओव्हरटाइम’ या नावाने चालायचं. चर्चमधल्या बायका तोंडावर कौतुक करायच्या आणि मागून म्हणायच्या, जेराल्डचं काही चालत नाही वाटतं.

त्या शुक्रवारी न जाणं तिला परवडणारं नव्हतं. एका शाळेतल्या शिक्षिकांचा गट उन्हाळ्यापर्यंत दर आठवड्याला येणार होता. त्यांच्यातली शहनाझ पूलमध्ये शिकून तयार होती; ती आधी येऊन जहाज बघून जाणार आणि मग बाकीच्यांना सांगणार. सामंतांनी स्वच्छ सांगितलं होतं, “जीनबाई, हा गट तुमच्या भरवशावर घेतोय. तुम्ही दांडी मारणार असाल तर आत्ताच सांगा. दुबईला एक फिलिपिनो मुलगी आहे, तिला विचारतो.” उपवासकाळाचे सगळे शुक्रवार दांडी मारायची म्हणजे गट गेला. गट गेला की बायकांचं डायव्हिंगच बंद. पुढे शुक्रवारी सकाळी ती पुन्हा घरातच; भाजी निवडायला सासू आहेच, मग ती लसूण सोलणार.

सकाळी ती निघाली तेव्हा ओट्यावर निळी टाइल होती, गरम पातेलं ठेवायची. ती त्याच जहाजातली. बाथरूमच्या टाइल्स घेऊन येणारं मालवाहू जहाज कधीतरी वादळात बुडालं होतं. शारजाच्या बंदरातले लोक त्याला टाइलवालं जहाज म्हणत. जीनने ग्लासभर पाणी पिऊन ग्लास टाइलवर पालथा ठेवला आणि दार ओढून घेतलं. जेराल्ड जागा होता. उठला नाही.

फेब्रुवारीचा शेवट होता. आखातातलं पाणी उन्हाळ्यात अंघोळीच्या पाण्यासारखं असतं, त्यामुळे तिथल्या लोकांना थंड पाण्याची सवय नसते. याच दिवसांत उत्तरेचा वारा सुटतो आणि पाणी असं गार पडतं की हात घातला तर मनगट दुखतं. जीनचा रबरी सूट तिच्या मापाचा नव्हता. नोकरी सोडून गेलेल्या एका पाणबुड्याचा तो. कमरेत ढगळ, मांड्यांना घट्ट. पाठीच्या खळग्यातून पाणी आत शिरायचं. बायकांच्या मापाचा सूट मागवतो असं सामंत गेल्या हिवाळ्यापासून म्हणत होते.

सामंतांच्या बोटीवर एक पद्धत होती. हिवाळ्यात खजूर खाल्ल्याशिवाय कोणी सिलिंडर उचलायचं नाही. त्यावर आलं घातलेला गोड चहा. “पोटात जाळ नसेल तर खाली डोकं चालत नाही,” ते म्हणायचे. खजुराचा डबा फिरवायचं काम जीनचं. त्या दिवशीही तिने फिरवला. शहनाझने दोन घेतले.

“वाटणाऱ्यानेही खायचं असतं,” सामंत इंजिनापाशी उभे राहून म्हणाले.

“खातेय सर.” जीनने एक खजूर उचलला, तोंडाशी नेला, पाठ वळवली आणि हातमोजा चढवताना तो तळव्याशी सरकवून दिला. चहाचा कप तिने बोटीच्या कडेवरून समुद्रात ओतला. कोणी पाहिलं नाही. वाटणाऱ्याकडे कोण बघतं?

शहनाझ हैदराबादची, शाळेत गणित शिकवणारी. उंच, सडपातळ, डोक्याला घट्ट काळी टोपी. रमजानचा महिना संपायची वाट बघून ती आली होती. “पूरा महीना रुकी मैं,” ती बोटीवर सांगत होती. “रोजे में तो मैं तीसरी मंजिल भी लिफ्ट से जाती हूँ. मियाँ हँसते हैं.”

जीन हसली. तिला एकदम तोंडात पाणी सुटल्यासारखं झालं, आणि मग मळमळलं.

“मेरा हाथ छोड़ना नहीं,” ती शहनाझला म्हणाली. “जहाज के अंदर नहीं जाना, बाहर से देखना. हवा का काँटा आधे पे आया तो मुझे दिखाना. फिर ऊपर. ऊपर जाते टाइम रस्सी पे एक जगह रुकना है, साँस लेते रहना है. जल्दी नहीं.”

“जी टीचर,” शहनाझ म्हणाली.

दोघी नांगराच्या दोरीला धरून उतरल्या. पाणी हिरवं आणि गढूळ होतं. पहिला गारठा चेहऱ्यावर बसला, मग पाठीतून आत आला. जीनला तो ओळखीचा होता. तिने दात नळीवर घट्ट दाबले आणि खाली जात राहिली. जहाज कुशीवर पडलेलं होतं. आधी नुसता अंधार वाटला, मग त्या अंधाराला कठडा दिसू लागला, मग शिडी. गंजावर शिंपले वाढले होते. एक जाडजूड हमूर मासा भोकातून तोंड काढून बघत होता. शहनाझने जीनचा हात दाबला. मास्कमागे तिचे डोळे मोठे झाले होते.

जीन खूप थरथरत होती. हे नेहमीचंच. थरथरणं थांबलं, हे मात्र नेहमीचं नव्हतं. ते थांबलं तेव्हा तिला बरं वाटलं. अंग सैल झालं. तिने शहनाझच्या सिलिंडरचा काटा पाहिला, मग स्वतःचा. दोन्ही काटे स्वच्छ दिसत होते. ते काय सांगताहेत एवढंच समजत नव्हतं. तिने पुन्हा पाहिलं. एखाद्या परक्या माणसाच्या घड्याळाकडे बघावं तसं तिने बघितलं आणि पुढे निघाली.

समोर मालखान्याचं तोंड होतं. आत फुटलेल्या खोक्यांतून टाइल्स सांडल्या होत्या. हिला एक टाइल द्यायला हवी, असं जीनच्या मनात आलं. पाहुणी आली आहे, रिकाम्या हाताने कशी पाठवायची. हा विचार इतका साधा आणि बरोबर वाटला की ती आत शिरली. शहनाझचा हात तिच्या हातात होता, म्हणून शहनाझही शिरली.

आत गाळ होता. दोघींच्या पायांनी तो उठला आणि हिरवा प्रकाश तपकिरी झाला. जीनने हात घालून चाचपलं. बोटांना काहीच लागत नव्हतं; बोटंच लागत नव्हती. मग ती खाली बसली. चिखल मऊ होता. बावखलाचाच चिखल. वर, दुपारच्या उन्हात, कोणीतरी धुणं आपटत होतं. धप. धप. आई उठली वाटतं. आता वर गेलं तर मार बसणार. त्यापेक्षा इथेच थोडं बसावं.

कोणीतरी तिचा दंड हलवत होतं. तिच्या मास्कसमोर एक अंगठा आला, वरच्या दिशेने. जीनने दोन बोटं जुळवून खूण केली: ठीक आहे.

अंगठा पुन्हा आला. ती पुन्हा म्हणाली: ठीक आहे.

पुढचं तिला तुकड्यांनी आठवतं. शहनाझने तिचा काटा ओढून स्वतःच्या मास्कला जवळजवळ चिकटवला. मग शहनाझचा हात सुटला आणि त्या तपकिरी अंधारात जीन एकटी राहिली. तिने हात पुढे करून चाचपलं. हात सोडायचा नाही असं मी हिला सांगितलं होतं. ही कुठे गेली? ती उठायला गेली तर सिलिंडर कशाला तरी अडकलं आणि तिला मागे ओढलं. तिने जोरात श्वास घेतला. तो पूर्ण आला. पुढचा जड आला.

शहनाझ भिंत चाचपत उजेडाचा तुकडा शोधायला गेली होती. तो दिसल्यावर ती परत आली, आलेली वाट न सोडता, एक हात भिंतीवर ठेवून. तिने जीनला पट्ट्याला धरून बाजूला ओढलं, सोडवलं आणि दारातून बाहेर ढकललं. बाहेर आल्यावर जीन सरळ वर निघाली, हातपाय मारत, एखाद्या पोरासारखी. शहनाझने तिला घोट्याला धरून खाली खेचलं आणि दोरीवर आणलं. मधल्या थांब्याला ती थांबली. तिने जीनच्या दोन्ही हातांची मूठ दोरीवर आवळून वर स्वतःचे हात ठेवले. जीनच्या नळीतून आता हवा कष्टाने येत होती. ती संपायला आली तेव्हा शहनाझने स्वतःच्या सिलिंडरची जादा नळी तिच्या तोंडात दिली. हेसुद्धा जीननेच तिला पूलमध्ये शिकवलं होतं. जल्दी नहीं, असं शहनाझचे डोळे सांगत होते. त्या डोळ्यांत पाणी होतं की भीती, ते मास्कमुळे कळत नव्हतं.

बोटीवर सामंतांनी जीनला फळीवर आडवं केलं. तिचे ओठ जांभळे झाले होते आणि ती म्हणत होती, “धुणं काढा, धुणं काढा.” त्यांनी ब्लँकेट टाकलं आणि तिचे हातमोजे ओढले. उजव्या मोज्यातून काहीतरी चपटं, काळपट फळीवर पडलं.

सामंतांनी ते उचललं. खजूर होता. त्यांनी तो बोटांत धरून बराच वेळ पाहिला, जणू तो कुठल्या जातीचा आहे ते ठरवत होते.

“जीनबाई,” ते म्हणाले, “चहा तरी घेतलात का?”

तिने मान हलवली. नाही.

शहनाझ टॉवेल गुंडाळून समोर बसली होती. ती एकदम म्हणाली, “रोजा था तुम्हारा?”

“हमारा भी होता है. फ्रायडे को.”

“तो बताया क्यों नहीं?” तिचा आवाज चिरकला. “मैं एक महीना रुकी ना! घर में बैठी रही! मुझे तो किसी ने नहीं कहा कि दोनों करके दिखाओ. मेरे दो बच्चे हैं, जीन. मैंने तुम्हारे पीछे-पीछे अंदर कदम रखा, क्योंकि तुम जा रही थीं.”

सामंतांनी तिच्या हातात चहाचा कप दिला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

“प्या,” ते म्हणाले.

ती प्यायली. गोड, कढत चहा घशातून उतरला आणि तिचं थरथरणं पुन्हा सुरू झालं, इतकं की दात कपावर वाजले. सामंत म्हणाले, “आता ठीक आहे.” मग त्यांनी इंजिन चालू करून बोट किनाऱ्याकडे वळवली. धक्क्याला बोट बांधताना एवढंच म्हणाले, “पुढच्या शुक्रवारी घरून जेवून येणार असाल तर या. नाहीतर शनिवारी ऑफिसात भेटू. गटाचं काय करायचं ते मी त्या बाईंना विचारून ठरवीन. त्यांचा हक्क आहे.”

शहनाझ गाडीत बसताना म्हणाली, “फोन करूँगी.” करणार की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून समजत नव्हतं.

संध्याकाळची क्रूसाची वाट या खेपेला तुस्कानोंच्याच हॉलमध्ये होती. आसपासची वसईकर मंडळी आली होती. जीनने परत आल्यावर पेज शिजवली, मेथी परतली, सतरंज्या घातल्या. सासू तिच्याकडे दोनदा बघून गेली. प्रार्थना सुरू झाली. चौदा स्थानं, प्रत्येक स्थानाला गुडघे टेकायचे आणि उठायचं. जीन उठताना भिंतीला धरत होती. शेजारच्या ओळीतून कोणीतरी कौतुकाने पुटपुटलं, “सकाळपासून कडक उपास, त्यात समुद्रावर जाऊन आली.” सासूने डोळे मिटलेलेच ठेवून मान ताठ केली.

पाहुणे पेज खाऊन गेले. घरची चौघं टेबलावर बसली. निळ्या टाइलवर पातेलं होतं. जीनने वाढलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खजूर, चहा, टाइल, चिखल, शहनाझ. काही वगळलं नाही. मोठ्याने ती बोलतच नव्हती, तरी व्हिवियनने टीव्ही बंद केला.

जेराल्डचा घास हातात राहिला. “बघितलंस?” तो आईकडे वळला. “बघितलंस आय? मी तुला म्हटलं होतं!”

“काय म्हटलं होतंस?” जीनने विचारलं.

त्याने हातातला घास ताटात परत ठेवला.

“जेराल्ड, काय म्हटलं होतंस?”

सासूने पदराने तोंड पुसलं. ती एकदम म्हातारी दिसू लागली. “मला वाटलं उपास असला की तू जाणार नाहीस,” ती म्हणाली. “शुक्रवारचाच धरला. नुसतं जाऊ नको म्हटलं तर तू ऐकत नाहीस. देवाचं नाव घातलं तर ऐकशील असं वाटलं. तू दोन्ही करशील असं कोणाच्या मनात येणार गं? माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही तू पाण्यात असतेस तेव्हा.”

“आणि नोकरी?”

“नोकरीसाठी मेणबत्ती लावली होती. खरंच लावली होती. शुक्रवारचं नंतर जोडलं.”

“आणि तुला माहीत होतं,” जीन नवऱ्याला म्हणाली.

“मला वाटलं, तुझ्यासाठी बरंच आहे,” जेराल्ड भिंतीकडे बघून म्हणाला. “काल सांगत होतो ना मी? खाऊन जा म्हटलं की नाही?”

“म्हटलंस. पुढचं म्हटलं नाहीस.”

“ममा,” व्हिवियन म्हणाली, “यू कुड हॅव डाइड. दॅट लेडी टू.”

“हो,” जीन म्हणाली. “ती बाई पण.”

तिने पेजेचं पातेलं टाइलवरून उचललं, ओट्यावर ठेवलं, टाइल पुसली आणि परत जागेवर ठेवली. सासू रडत होती, आवाज न करता, मेथीच्या काड्या अजून टेबलाच्या कोपऱ्यात पडल्या होत्या त्यांच्याकडे बघत. जीनने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. मग खुर्ची ओढून ती पहिल्यांदा खाली बसली.

“पुढच्या शुक्रवारी सकाळी मी इथे या टेबलावर बसून जेवणार,” ती म्हणाली. “भाकरी, दोन अंडी आणि चहा. शहनाझचा फोन येवो न येवो, बोटीवर जाणार. संध्याकाळी प्रार्थनेला घरी असेन. नवसातून माझं नाव काढलं आहे.”